नऊ वाजताची चावी

"एक इचारू काय, सिस्टर? ही सुई आदी का देत न्हाईसा?"

रंगराव खोतांनी हे विचारलं तेव्हा सकाळचे सव्वानऊ झाले होते आणि त्यांच्या डाव्या दंडातून मी नुकतीच सुई काढली होती. उजवा हात कोपरापर्यंत पट्ट्यांत होता. घसा पार बसला होता, कारण तासाभरापूर्वी ते सगळा वॉर्ड हादरेल असे ओरडत होते.

"आधी म्हणजे कधी?" मी विचारलं.

"मुल्लाणीमामा पट्ट्या सोडत्यात, त्याच्या आदी. मघा जीव जाईत हुता तवा कायबी न्हाई, आन् आता नुसता पडून हाय तर सुई. आता मला झोप लागंल. सकाळच्या पारी झोप घिऊन काय करू?"

शेजारच्या खाटेवरचा पेशंट फिसकन हसला. तो हसला आणि माझं डोकं फिरलं.

"काका, तुम्हाला गूळ कळतो ना? तो तुम्ही बघा. औषध कधी द्यायचं ते आम्हाला कळतं."

त्यांची बायको हौसाक्का खाटेच्या पायथ्याशी बसली होती. तिने नवऱ्याला डोळ्यांनीच दटावलं आणि माझ्याकडे बघून ओशाळं हसली. मी ट्रे उचलला आणि ड्यूटी रूममधल्या टेबलावर आणून आदळला.

राग माझ्या नाकावर असतो, हे माझी आईसुद्धा सांगेल. पण त्याची एक खोड मला बरीच उशिरा कळली. माझ्याकडे उत्तर नसलं की तो दुप्पट चढतो. त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ही चौऱ्याण्णव सालची गोष्ट. मी चोवीस वर्षांची, नगरकडची, आणि कोल्हापूरकडच्या एका तालुक्याच्या गावात सरकारी रुग्णालयात नोकरीला लागून आठ महिने झालेले. सगळे मला ओहोळ सिस्टर म्हणत. पुरुषांच्या वॉर्डाला लागून भाजलेल्यांची आठ खाटांची खोली होती, तिथे माझी ड्यूटी. दिवाळी झाली की तिकडे गावोगाव गुऱ्हाळं सुरू होतात आणि त्यांच्या मागोमाग आमच्या खाटा भरायला लागतात.

रंगराव गुळव्या होते. ऊस मालकाचा, काहील मालकाची, चुलाणात जाळ घालणारे वेगळे. पण उकळता रस काहिलीतून केव्हा उतरवायचा हे फक्त गुळव्याने सांगायचं. तो गार पाण्यात रसाचे दोन थेंब सोडतो आणि बोटांच्या चिमटीत त्याची गोळी वळून बघतो. गोळी कच्ची असेल तर गूळ पाझरतो, जास्त झाली तर काळा पडतो. रंगरावांच्या बोटांवर पाच गावांच्या मालकांचा भरवसा होता, हे मला त्यांच्या भेटीला येणाऱ्या माणसांकडून कळलं. ओल्या फरशीवर पाय घसरला, तोल सावरायला हात पुढे केला, तो सरळ काहिलीत गेला. उकळतं पाणी निदान ओघळून जातं. पाक हाताला धरून बसतो.

डॉक्टर इनामदारांनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं, "तळवा खोल भाजलाय. जखम भरेल. पण ड्रेसिंग सोडलं की रोज बोटं उघडमीट करून घ्यायची. नाहीतर कातडी आखडेल आणि मूठ बसेल, ती कायमची. सिस्टर, हे तुमचं काम."

माझं काम. मी रोज करत होते म्हणजे काय, तर मुल्लाणीमामा जखम धुवायचे आणि मी बोटांना हात लावायच्या आत रंगराव हात ओढून छातीशी घ्यायचे. पुढचं सगळं ओरडण्यात जायचं. मग मी रागावायचे. "काका, सहकार्य करा. तुमच्याच भल्याचं आहे." कागदावर लिहायचे, व्यायामाचा प्रयत्न केला.

आता चावीचं सांगते. इतक्या दुखण्यावर चालणारं इंजेक्शन आमच्याकडे होतं. भरपूर होतं. पण ते नशेच्या औषधांच्या कपाटात, दोन कुलपांत, आणि त्याची चावी आमच्या इनचार्ज चौगुले सिस्टरच्या कमरेला. चौगुले सिस्टर नऊ वाजता यायच्या, म्हणजे चावी नऊ वाजता यायची. नियमाप्रमाणे ती ड्यूटीवर असेल त्या सिस्टरकडे राहायला हवी. आमच्याकडे ती घरी जायची. आणि ड्रेसर मुल्लाणीमामा साडेसातला सुरुवात करायचे, कारण नऊच्या राउंडच्या आत सगळ्या जखमा धुऊन तयार पाहिजेत, आणि दहाला डॉक्टर ऑपरेशनला जाणार. तेव्हा साडेसातला जखम उघडायची आणि नऊ वाजून दहा मिनिटांनी दुखणं थांबवायचं इंजेक्शन द्यायचं. कागदावर सगळं चोख. ड्रेसिंग झालं, इंजेक्शन दिलं, रिकामी बाटली जमा केली, रजिस्टरवर दोन सह्या. कशाच्या आधी काय, एवढंच कुठे लिहिलेलं नव्हतं. आणि त्या दोन सह्यांमधली दुसरी सही आठ महिने माझी होती.

नर्सिंग कॉलेजात मी हे शिकले होते हो. इंजेक्शन अंगात भिनायला अर्धा तास लागतो, म्हणून ते दुखवण्याच्या आधी द्यायचं, परीक्षेत याला पाच मार्क होते. मी ते पाचही मिळवले होते. ते कळायला मला एक गुळव्या लागला.

त्याच दिवशी मी चौगुले सिस्टरना गाठलं.

"सिस्टर, खोतांचं इंजेक्शन सात वाजता दिलं तर?"

त्या औषधांचा साठा लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सातला मी नसते."

"चावी रात्री आमच्याकडे ठेवून गेलात तर?"

आता त्यांनी मान वर केली. "चावी कुणाकडे राहणार नाही. पुन्हा विचारू नकोस, ओहोळ."

मग मुल्लाणीमामा. पन्नाशीचा, हलक्या हाताचा माणूस. "खोताचं शेवटी घिऊ म्हंता? साडेनऊला? अवो, तीन वॉर्ड मिळून बावीस ड्रेसिंग हायती माज्याकडं. आन् सायबांस्नी जखम बघायची असती नऊला. ते सांगत्याल तर मी रात्री बाराला पण करीन."

मग साहेब. इनामदारांनी सगळं ऐकून घेतलं. "मुद्दा बरोबर आहे," म्हणाले, आणि तिथल्या तिथे केसपेपरवर लिहिलं, इंजेक्शन सकाळी सात. मी विजयी मुद्रेने तो कागद चौगुले सिस्टरसमोर धरला. त्यांनी वाचला, खाली लिहिलं 'नोंद घेतली', आणि दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे नऊला आल्या. सरकारी कामात नोंद घेणं हा एक वेगळाच प्रकार असतो, नोंद घेतली की काम करायचं राहत नाही.

तो दुसरा दिवस मी पाहिला नाही. मला दुपारची ड्यूटी लागली होती. दोन ते नऊ, दहा दिवस.

दुपारी वॉर्ड शांत असतो. पट्ट्या बांधलेल्या, पेशंट जेवून पडलेले. रंगराव माझ्यावर रागावले नव्हते. मला गुळाचं सांगायचे, रसात भेंडीचं पाणी घालून मळी कशी वर आणायची, फेस कसला झाला की जाळ कमी करायचा. मी त्यांना औषधाचं सांगायचे. सुई दिल्या दिल्या काम करत नाही, अंगात पसरायला वेळ लागतो.

"कळतंय की," ते म्हणाले. "चुलाण पेटवलं म्हंजी काय लगीच रसाला आधण येतंय व्हय? आदी काहील तापाय पायजे."

"अगदी तसंच."

"मग ह्ये त्या तुमच्या थोरल्या बाईस्नी सांगा की."

"सांगितलंय काका. डॉक्टरांनी लिहूनही दिलंय."

"बरं, बरं." एवढंच म्हणाले.

हौसाक्का ऐकत असायची. तिकडच्या बायका स्वतःला पुरुषासारखं 'मी जातो, मी करतो' म्हणतात, सुरुवातीला मला त्याची गंमत वाटायची. "मी म्हंतो त्यास्नी," ती सांगायची, "जरा दम धरा, वरडू नगा, लोकं हसत्यात." ती हे अजून सांगते आहे, म्हणजे ते अजून ओरडताहेत, एवढं माझ्या डोक्यात यायला हवं होतं. मी तिच्या नवऱ्याचा ताप बघितला आणि पुढच्या खाटेकडे गेले.

सोळाव्या दिवशी मी पुन्हा सकाळच्या ड्यूटीवर आले. साडेसातला मुल्लाणीमामांनी पट्ट्या सोडल्या. रंगराव ओरडले, पण पहिल्यासारखे नाही. ते दमले होते. आणि पट्टीच्या आतून जो हात निघाला त्याची बोटं तळव्याकडे वळलेली होती, अंगठा आत मिटलेला होता, आणि नवी गुलाबी कातडी त्यांच्यामध्ये ताणून बसायला लागली होती.

"काका, बोटं उघडा."

"उगडत न्हाईत, सिस्टर."

मी तर्जनीला हात लावला. त्यांनी किंकाळी फोडली आणि हात ओढला.

"मामा, हे कधीपासून?"

"आट धा रोज झालं आसंल," मुल्लाणीमामा खाली बघत म्हणाले. "दुसऱ्या सिस्टरबाई हात लावाय गेल्या की ह्यो वरडतुय. मग त्या लिवत्यात, पेशंट ऐकत न्हाई. मी तरी काय करू?"

"इंजेक्शन?"

"नऊलाच की."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ड्यूटी टाकून वॉर्डाबाहेर पडले. चौगुले सिस्टरचं क्वार्टर रुग्णालयाच्या मागेच होतं, चालत चार मिनिटांवर. चार मिनिटं! इतके दिवस ती बाई चार मिनिटांवर बसून नऊ वाजायची वाट बघत होती. मी दार ठोठावलं नाही, थाडथाड वाजवलं.

त्या मुलीचा डबा भरत होत्या. हातात चपाती तशीच.

"वॉर्डात काय झालं?"

"खोतांची मूठ बसायला लागलीय. चावी द्या."

"हळू बोल. पोरीची परीक्षा आहे."

"मी हळू बोलणार नाही. तो माणूस गेले पंधरा दिवस रोज सकाळी बोंबलतोय, ते तुम्हाला इथवर ऐकू येत असेल. येतं ना? चावी द्या."

त्यांनी मुलीला आतल्या खोलीत पाठवलं आणि दार ओढून घेतलं. मग बाहेरच्या पायरीवर उभ्या राहून अतिशय सावकाश बोलल्या.

"तू तेव्हा शाळेत असशील. एक्क्याऐंशी साल. चावी मी नियमाने रात्रपाळीला देत होते. दोन बाटल्या कमी निघाल्या. कुणी घेतल्या ते आजतागायत कळलं नाही. सात महिने निलंबित होते मी. गावात लोक नवऱ्याला विचारायचे, तुमची बायको सुई टोचून घेते का हो? तू माझ्या जागी असतीस तर दिली असतीस चावी?"

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे मला समजत होतं. खरंच समजत होतं. पण मला दया आली नाही. अजून येत नाही.

"तुमची नोकरी परत मिळाली," मी म्हणाले. "त्यांचा हात परत मिळणार नाही. तुम्हाला चावी द्यायची नाही ना? नका देऊ. मग स्वतः या. सात वाजता. चार मिनिटं लागतात चालायला. नाही आलात तर मी वरपर्यंत लिहीन, आणि रजिस्टरवरच्या माझ्या प्रत्येक सहीसकट लिहीन."

"तू मला धमकी देतेस?"

"हो."

त्यांनी दार लावून घेतलं. चपाती पायरीवर पडली होती, ती मी उचलून कठड्यावर ठेवली आणि परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता चौगुले सिस्टर वॉर्डात हजर होत्या. केस ओले, चेहरा दगडी. कपाट उघडलं, बाटली काढली, रजिस्टर पुढे केलं. मी सही केली, वेळ लिहिली, सात वाजून तीन मिनिटं. सात वाजून पाच मिनिटांनी इंजेक्शन दिलं आणि रंगरावांना सांगितलं, "काका, आता अर्धा तास नुसते पडून राहा. काहील तापू द्या."

सात चाळीसला मुल्लाणीमामांनी पट्टी सोडायला घेतली. मी खाटेशी अंग आवळून उभी होते. मामाही आवळून होते. रंगराव छताकडे बघत होते. एक वेढा सुटला, दुसरा सुटला, जखमेला चिकटलेली जाळी पाण्याने भिजवून मामांनी अलगद उचलली.

"दुकतंय काय वं?" मामांनी विचारलं.

"कळतंय," रंगराव जड जिभेने म्हणाले. "पर सोसतंय. करा तुमी."

खोलीत आवाज नव्हता. सात खाटांवरचे पेशंट माना वळवून बघत होते. मुल्लाणीमामांचा हात थांबला होता. मग ते माझ्याकडे न बघता बोलले.

"बावीस वर्सं ह्ये काम करतोय, सिस्टर. मला वाटायचं, भाजल्यालं माणूस म्हंजी वरडणारच. ते तसंच असतंय." त्यांनी चिमटा ट्रेमध्ये टाकला, पुन्हा उचलला. "किती मान्सं वरडली असतील वो माज्या हाताखाली?"

मला उत्तर माहीत नव्हतं आणि मी रागावलेही नाही. मी बोटांना हात घातला. पहिल्यांदाच त्यांनी हात ओढला नाही. मी तर्जनी हळूहळू सरळ करू लागले. ती अर्ध्यावर आली आणि थांबली. मधलं बोट तेवढंही आलं नाही. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळव्याला धरूनच होतं. दुखणं आता आड येत नव्हतं. आड येत होती ती कातडी.

नऊच्या राउंडला इनामदारांनी हात उलटसुलट करून पाहिला आणि मला व्हरांड्यात बोलावलं.

"उशीर झाला, सिस्टर. ही मूठ आता पुरी उघडणार नाही. मोठ्या शहरात ऑपरेशन करतात, पण त्याचीही खात्री देता येत नाही. अंगठा आणि तर्जनी रोज हलवत ठेवली तर महिना दोन महिन्यांत चिमटीत काही धरता येईल कदाचित."

"सर, इंजेक्शन सातला द्यायचं तुम्ही लिहिलं होतं."

"लिहिलं होतं."

"मग दिलं जातंय की नाही हे विचारलं का नाहीत?"

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना कुठल्या सिस्टरने असं कधी विचारलं नसावं. "तुम्ही विचारलंत?" ते म्हणाले, आणि पुढच्या वॉर्डाकडे गेले.

ते बोलणं माझ्या वर्मी बसलं, कारण त्याचं उत्तर सगळ्या वॉर्डाला माहीत होतं.

पुढे महिनाभर रंगराव आमच्याकडे होते. रोज सातला चौगुले सिस्टर येत, सुई दिली जाई, आणि आठही खाटांवर सकाळ शांत जाई. सगळे माझं कौतुक करू लागले. दुसऱ्या सिस्टर म्हणायच्या, ओहोळने वॉर्डाला वळण लावलं. मी ते ऐकून घ्यायचे. रंगरावांचा अंगठा आणि तर्जनी मी रोज वीस वीस वेळा हलवायचे, आणि दोन बोटांमध्ये अजून सुपारीएवढी फट राहायची.

घरी सोडायच्या दिवशी चौगुले सिस्टरनी डिस्चार्जचा कागद माझ्यापुढे सरकवला. खाली त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'बोटांच्या व्यायामास रुग्णाने सहकार्य केले नाही.' शेजारी सहीसाठी माझं नाव.

"हे खोटं आहे," मी म्हणाले.

"तुझ्याच नोंदी आहेत. पहिल्या पाच दिवसांच्या. तुझ्यानंतरच्या मुलींनीही तेच लिहिलंय. मी फक्त उतरवून घेतलं."

मी केसपेपर उलटे केले. खरंच होतं. पेशंट हात ओढून घेतो. पेशंट ऐकत नाही. पेशंट सहकार्य करत नाही. माझं अक्षर, माझी सही, पाच दिवस ओळीने.

"मग काय लिहू?" चौगुले सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "आपण केलं नाही, असं लिहू? उद्या हा कागद कुणी वाचला तर? तू नवीन आहेस. तुझं कायम व्हायचं आहे अजून."

मी त्यांची ओळ खोडली. खाली लिहिलं, 'पहिले सोळा दिवस वेदनाशामक इंजेक्शन ड्रेसिंगनंतर दिले गेले. वेदनेमुळे रुग्णास बोटे हलवता आली नाहीत.' आणि सही केली. शौर्यबिर्य काही नव्हतं त्यात. रागात माणूस खिडकीची काचही फोडतो, मी ओळ खोडली इतकंच. तीन महिन्यांनी त्या सहीपायी माझी बदली झाली, ती वेगळी गोष्ट.

कागद आणि गोळ्यांची पुडी घेऊन मी खोलीत गेले. रंगराव धोतर नेसून, टोपी घालून खाटेवर बसले होते. हौसाक्का गाठोडं बांधत होती.

"काय लिवलंय त्यात?" त्यांनी विचारलं. चौथीपर्यंत शिकलेले होते, पण दवाखान्यातलं लिखाण वाचायचं म्हणजे पंचाईत.

मी वाचून दाखवलं. खोडलेलंही आणि मी खाली लिहिलेलंही.

त्यांनी डाव्या हाताने उजवी मूठ धरली. "म्हंजी, आदी दिली असती सुई पयल्या दिसापास्नं, तर ह्यो हात उगडला असता?"

"सगळा नाही म्हणता यायचं. पण गोळी वळण्याइतका उघडला असता."

"तुमास्नी ठाव हुतं?"

"हो."

"मी इचारलं तवा?"

"तेव्हाही माहीत होतं. दुसऱ्या दिवसापासून मला दुपारची ड्यूटी लागली. सकाळचं ओरडणं मला ऐकू येत नव्हतं, म्हणून मी परत विचारलं नाही. चौगुले सिस्टरनी चावी दिली नाही हे खरं. पण मी दहा दिवस गप्प बसले, हेही खरं."

वॉर्डात मला माफी मिळण्याची सवय होती. खेड्यातली माणसं सिस्टरला पटकन माफ करतात. जाऊ द्या बाई, नशीब आमचं, असं म्हणतात. मला वाटलं, हेही तसंच म्हणतील. मला ते हवं होतं, हे कबूल करते.

रंगराव उभे राहिले. दीड महिना ज्यांनी मला अहो-जाहोशिवाय हाक मारली नव्हती, त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"दुपारी माज्याजवळ बसून गुळाचं इचारत हुतीस की गं! हसत हुतीस! आन् ह्ये आत्ता सांगतीस?"

मी गोळ्यांची पुडी पुढे केली.

"हौसे, ऊठ. हिच्या हातनं कायबी घिऊ नगंस."

"अवो, गोळ्या..."

"गोळी बी नगं आन् कागूद बी नगं. ऊठ म्हंतो न्हवं!"

ते निघाले. मिटलेली मूठ छातीशी धरून, ताठ मानेने. त्यांनी वळून पाहिलं नाही. हौसाक्का गाठोडं घेऊन मागोमाग गेली. पुडी माझ्या हातात राहिली. मला रडू आलं नाही, फार राग आला, आणि या वेळी तो कुणावर काढायचा हे शोधायची गरज नव्हती.

मी कागद खाटेवर ठेवून चादर ओढायला लागले, तेव्हा दारात पावलं वाजली. हौसाक्का परत आली होती. तिला धाप लागली होती. तिने माझ्या हातातली पुडी काढून घेतली आणि पदराखाली धरली.

"ते गेटापाशी हाईत. बिगीबिगी सांगा. कवा द्यायची ही?"

"रोज दोनदा. पोटात भाकरतुकडा काहीतरी घालून द्यायची. अंगठ्याचा आणि बोटाचा व्यायाम सांगितलाय ना, त्याच्या आधी अर्धा तास."

"आदी?"

"आधी."

"त्यांनी न्हाई घेतली तर मी भाकरीत घालून देतो. आन् अर्द्या घंट्यानं बोटं हालवून घेतो. मग न्हाई ना दुकणार?"

"कमी दुखेल. लपवून नका देऊ, सांगून द्या. व्यायाम त्यांनाच करायचाय."

तिने मान हलवली. पुडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिच्या चेहऱ्यावर नवऱ्यासारखा संताप नव्हता. तिला खरोखरच समजून घ्यायचं होतं.

"आदी अर्दा घंटा," ती म्हणाली. "येवढंच व्हतं व्हय, सिस्टर?"